ऋणभार

कपितोलिना मावशी दुधाच्या कॅनमध्ये बेडूक सोडायची.
जिवंत. तपकिरी. विहिरीच्या काठावरून उचललेला.
ओलोनेत्सच्या उन्हाळ्यात
तळघरातला बर्फ वितळून गेला की तेवढाच उपाय उरायचा.
मी नाक मुरडायचे. ती म्हणायची,
"पी मुकाट्याने. नासलंय का?"
नासलेलं नसायचं.

आता पेत्रोझावोद्स्कला, तिसऱ्या मजल्यावर,
त्याच बेडकाच्या कातडीतली एक माळ,
चोवीस मण्यांची,
पांढरी पूड होऊन माझ्यासमोर बसलीय.
मावशीच्या गाईपेक्षा महाग.

काम सोपं. बारा नळ्या.
रोज सकाळी प्रत्येकीतला एक थेंब नव्या रश्श्यात,
दर सोमवारी पुडीची मात्रा थोडी जास्त.
नळी नितळ राहिली, बेडूक जिंकला.
गढूळ झाली तर
(थांबा, आधी हे सांगायला हवं)

जिवाणूच्या अंगावर ऋणभार असतो.
कुणाकडून काही घेतलेलं नाही त्याने,
कातडीच तशी.
आणि बेडकाची माळ धनभारित.
धन ऋणाकडे धावतं, चिकटतं,
भिंतीत घुसतं, आणि भिंत गळू लागते.
माझ्या आजीच्या आजीच्या बेडकापासून हे असंच चालत आलंय.
ऋणानुबंधच म्हणायचा.

एक्केचाळिसाव्या दिवशी सातवी नळी गढूळ.

मला वाटलं, माझीच चूक. रश्शाची बाटली फेकली,
पिपेट बदललं, टेबल स्पिरिटने पुसलं.
बेचाळिसाव्या दिवशी पुन्हा गढूळ,
ताकासारखी.

तिचं सगळं वाचून काढलं.
शेहेचाळीस लाख अक्षरं,
त्यांत एक बदललेलं. जी होता तिथे ए.
एवढंच.
पण ते अक्षर होतं एका पहारेकऱ्याच्या मानेत.
संकट दिसलं तरच हाक द्यायची, असं त्याचं काम.
आता त्याला झोपच नाही.
आले, आले, आले,
कुणी आलेलं नसतानाही.
आणि आतले कारागीर घाबरून
एक साखर घडवतात, बाहेर नेतात,
भिंतीवरच्या एकेका ऋणावर टेकवून येतात.
हे फिटलं.
हेही फिटलं.
बेडकाची माळ येते, दार चाचपते,
ओळखीचं काही सापडत नाही तिला.

सावेली मिखेयेविचनी चष्मा कपाळावर चढवला,
"छापता येईल," म्हणाले, आणि चहा टाकायला गेले.

खरं तर सातवी थकलेली आहे.
पूड नसलेल्या रश्श्यात ती बाकीच्यांच्या मागे पडते.
चोवीस तास ओरडणारा पोसायचा
म्हणजे घरातलं बरंचसं अन्न त्याच्याच ताटात.
पण पूड असेल तोवर
घर तिचं एकटीचं.

रविवारी मावशीला फोनवर सांगितलं.
कान गेलेत तिचे, दोनदा सांगावं लागलं.
मग बराच वेळ नुसती खरखर.
"तू त्यातलं एकच काढून घेतलंस?"
हो.
"आणि रोज दिलंस? न चुकता?"
हो, मावशी.
"माझ्याकडे अख्खा बेडूक होता गं.
आणि सप्टेंबरात मी त्याला सोडून द्यायचे."
मग तिने विचारलं, आता दूध नासेल का.
मी म्हटलं, फ्रिज आहे ना तुझ्याकडे.
ती म्हणाली, हो, तोही गुरगुरत असतो रात्रभर.

आज सातवी गोठवायला ठेवली. उणे ऐंशी.
झाकणावर पेनाने ७, खाली ४१.
खिडकीबाहेर ओनेगा सरोवर पांढरंफटक,
दुपारी तीनलाच दिवे लागलेले.

हातमोजे काढले तर तळवे ओले.
घामातही असतात अशा माळा,
बेडकाच्या नव्हेत, माझ्या स्वतःच्या,
जन्मापासून माझ्या बाजूने उभ्या.
सातवीने त्यांना अजून पाहिलेलं नाही.

मी हात धुतले.
मग आठवलं, झाकण उघड्या बोटांनी फिरवलं होतं की काय,
आणि पुन्हा धुतले.